बंदुकीवर नाव कोरण्याआधी

हौसेने फ्रेमवर (बंदुकीच्या मुख्य सांगाड्यावर) कोरलेलं नाव किंवा तारीख विकताना किंमत पाडते. दुसऱ्याची आद्याक्षरं घेणाऱ्याला नको असतात. हौस सुट्या भागांवर भागवा.

१. नाव ग्रिपवर (मुठीच्या पट्ट्यांवर) किंवा दस्त्यात बसवलेल्या छोट्या चांदीच्या पट्टीवर कोरा. पट्टी बदलता येते, फ्रेम नाही.

२. मूळ ग्रिप, साइट (नेम धरायची खूण), स्प्रिंगा, अगदी स्क्रूसुद्धा तेलाचा हात फिरवून, चिठ्ठी लावून जपा. विकताना मूळ भाग परत बसवा, बदललेले वेगळे विका.

३. नक्षी कारखान्यातलीच असेल किंवा नामांकित कारागिराची असेल, तर भाव उलट चढतो. पण कागद हवा: कारखान्याचं पत्र, कारागिराची पावती, कामाआधीचे फोटो.

जुन्या बंदुकीला नव्याने ब्लूइंग (पोलादावर चढवलेला निळसर-काळा, गंज रोखणारा थर) तर मुळीच करू नका. त्याआधीच्या पॉलिशने कडा गोलावतात, शिक्क्यांची अक्षरं उथळ होतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात. जाणकार नेमका तिथेच बोट ठेवतो. त्यापेक्षा झिजलेलं मूळ ब्लूइंग बहुधा जास्त भाव खातं.

सावधान: अनुक्रमांकाजवळ छिन्नी किंवा पॉलिश नेऊ नका. तो खोडणं किंवा बदलणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि अंक पुसट झालेली बंदूक कायदेशीर विक्रेता हातातही घेत नाही.