नमुना घर सजवताना: नव्या इंटिरिअर डिझायनरांसाठी काही अनुभव

राहत्या घराचे काम करताना घरमालक समोर असतो. त्याच्या सवयी, त्याची पुस्तके, त्याच्या आईचे गुडघेदुखीचे दुखणे, सारे विचारून घेता येते. नमुना घर, म्हणजे खरेदीदारांना दाखवण्यासाठी विकासक सजवून घेतो ते घर; त्यात असे कोणीच राहणार नसते. त्यामुळे रंग आणि कापडांचे नमुने हाती घेण्याआधी विकासकाच्या विक्री विभागाशी बसून ही घरे कोणासाठी बांधली आहेत, हे नीट समजून घ्यावे आणि त्यावरून एक कुटुंब कल्पावे. माणसे किती, घरून काम कोण करते, पाहुणे राहायला येतात का, एवढे ठरले की निम्मे निर्णय सोपे होतात. हे कुटुंब फार ठसठशीत मात्र रंगवू नये, कारण बघायला येणाऱ्याला तेथे स्वतःचा संसार मांडून पाहता आला पाहिजे.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते माप. नकाशावरच्या मापांवर विसंबून फर्निचर बनवायला देऊ नये. गिलावा आणि फरशी झाल्यावर प्रत्येक खोली पुन्हा मोजावी, कारण एकेका भिंतीत दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडला तरी भिंतीत बसवायचे कपाट बसत नाही. मुख्य येण्या-जाण्याच्या वाटेला सुमारे 90 सेंटिमीटर, सोफा आणि मधल्या टेबलात 40 ते 45 सेंटिमीटर आणि जेवणाच्या टेबलाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत निदान 90 सेंटिमीटर जागा मी धरते, कारण खुर्ची मागे सरकवून उठणाऱ्या माणसाला तेवढी लागतेच. खोली मोठी दिसावी म्हणून नेहमीपेक्षा आखूड पलंग करवून घेणे, आतल्या खोल्यांची दारे काढून टाकणे, मधल्या भिंतीच्या जागी काच लावणे, असे प्रकार या क्षेत्रात चालतात आणि नव्या डिझायनरवर त्यासाठी दबावही येतो. मी त्याला ठाम नकार देते. हे घर पाहून माणूस आयुष्यातला बहुधा सर्वांत मोठा खर्च करतो आणि ताबा मिळाल्यावर त्याचा स्वतःचा पलंग त्या खोलीत मावला नाही, तर ती फसवणूक आपल्या हातून झालेली असते. शिवाय लहान खोली प्रामाणिकपणे मोठी भासवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत: पायांवर उचललेले, खालची फरशी दिसू देणारे फर्निचर, छताजवळून जमिनीपर्यंत सोडलेले पडदे, सोफ्याचे निदान पुढचे पाय ज्यावर येतील एवढा मोठा गालिचा, आणि भिंतीच्याच रंगाची कपाटे.

प्रकाशाबाबत एक शिस्त पाळावी. राहण्याच्या खोल्यांत 2700 ते 3000 केल्विनचे उबदार दिवे घ्यावेत, त्यांचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी अंक) 90 किंवा त्याहून अधिक असावा आणि एकाच खोलीत पांढरे व पिवळे दिवे मिसळू नयेत. दुकानात एकमेकांशी जुळणारी दोन कापडे दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसू शकतात. म्हणून नमुने प्रत्यक्ष त्या खोलीत, दिवसाच्या उजेडात आणि रात्री दिवे लावून, दोन्ही वेळा पाहावेत. टेबलावरचा लोंबता दिवा टेबलापासून 75 ते 90 सेंटिमीटर उंचीवर ठेवला की समोरासमोर बसलेल्यांचे चेहरे झाकले जात नाहीत.

समकालीन सजावट म्हणजे रिकामी खोली नव्हे. वस्तू थोड्या असतात, म्हणूनच प्रत्येकीवर नजर थांबते आणि लॅमिनेटचा सांधा किंवा कडेची पट्टी जरा उचललेली असली तरी लगेच दिसते. चार लहान चित्रांपेक्षा एक मोठे चित्र मला अधिक पटते. त्याचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर ठेवावा. पोकळ खोक्यांची पुस्तके आणि प्लास्टिकची फळे मी वापरत नाही. हात लावताच खोटेपणा कळतो आणि मग घराच्या इतर गोष्टींवरचा विश्वासही डळमळतो.

हे घर रोज अनोळखी माणसांच्या वावरात राहते, मुले सोफ्यावर उड्या मारतात. सोफ्याचे कापड मार्टिनडेल चाचणीत (कापड घासून त्याचा टिकाऊपणा मोजणारी चाचणी) निदान 25,000 ते 30,000 घर्षणे टिकणारे असावे, खोळी काढून धुता याव्यात आणि त्याच लॉटचे थोडे जादा कापड राखून ठेवावे, कारण पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलू शकते.

सोफा, बनवून घ्यायचे दिवे आणि पडदे यांना सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्यांची मागणी आधी नोंदवावी. सुतारकाम, रंगकाम आणि साफसफाई पूर्ण झाल्याशिवाय एकही गादी आत येऊ देऊ नये. लाकडाचा बारीक भुसा कापडात शिरला की सहजासहजी निघत नाही. शेवटी प्रत्येक दार, खण, नळ आणि बटण स्वतः चालवून त्रुटींची यादी करावी. खरेदीदाराला काय मिळणार आणि काय केवळ सजावटीपुरते आहे, याचा तक्ताही विकासकाकडून लेखी मागून घ्यावा आणि तो प्रवेशदाराशीच लावण्याचा आग्रह धरावा.

घर खुले झाल्यावरही अधूनमधून तेथे जाऊन विक्रीच्या माणसांना लोक काय विचारतात, हे जाणून घ्यावे. कपडे धुण्याचे यंत्र कुठे बसेल, इस्त्री कुठे करायची, प्रवासाच्या बॅगा कुठे ठेवायच्या, हे प्रश्न मला सतत ऐकू येतात. म्हणून आता मी निदान एक कपाट आतून पूर्ण लावूनच देते, बॅगा आणि इस्त्रीच्या टेबलासकट.