लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनआधी काय काय तपासायचं

स्पर्धेला दोन महिने उरले की बहुतेक जण सामानाची यादी काढतात. सामान दोन दिवसांत जमतं, म्हणून आधी शरीराची यादी काढा. ही स्पर्धा म्हणजे एकापाठोपाठ ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं. बहुतेक ठिकाणी हे सगळं १७ तासांत संपवायचं असतं. त्यामुळे पहिल्यांदा उतरणाऱ्याने आपला वेग किती वाढला यापेक्षा आपला दम किती वेळ टिकतो हे आधी पाहावं.

त्यासाठी सरावाची वही उघडा. नेहमीच्या सपाट रस्त्यावर लांब सायकल मारताना पहिल्या तासातले हृदयाचे ठोके आणि शेवटच्या तासातले ठोके शेजारी शेजारी मांडा. वेग तोच असेल आणि ठोके फारसे चढले नसतील, तर पाया पक्का होतोय. तुलना मात्र सारख्याच हवेतल्या दिवसांची करा, उन्हात ठोके एरवीही चढतात.

पोहण्याचं गणित सोपं आहे. अनेक स्पर्धांत त्याला २ तास २० मिनिटं मिळतात, म्हणजे दर १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. तलावात हे जमत असेल तर उघड्या पाण्यात जा, कारण तिथे टेकायला भिंत नसते आणि तळाला रेघ नसते. काही हात मारले की डोकं किंचित उचलून खूण पाहायची, ही सवय अंगवळणी पडायला हवी. वेटसूटवर, म्हणजे पोहताना ऊब देणाऱ्या आणि तरंगायला मदत करणाऱ्या रबरी पोशाखावर, सगळी भिस्त ठेवू नका. पाणी ठरावीक तापमानाच्या वर गेलं की तो घालता येत नाही, तेव्हा त्याच्याशिवायही अंतर पूर्ण करून पाहा. सुरक्षेसाठी कुणीतरी सोबत असल्याशिवाय उघड्या पाण्यात उतरू नका.

सायकलवर दिवसाचा जवळपास अर्धा वेळ जातो. पाच-सहा तास त्याच बैठकीत मान, कंबर आणि तळहात साथ देतात का, ते आत्ताच कळू द्या, सीटची उंची शेवटच्या आठवड्यात बदलायची नसते. मागच्या चाकाचं पंक्चर स्वतःच्या हाताने काढता आलं पाहिजे: ट्यूब, टायर लिव्हर (टायर उचकटायची पट्टी), पंप, सगळं जवळ. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकल स्टँडवरून उचलायची नाही, हा नियम सरावातही पाळा.

आता खाणं. माझ्या मते हाच चौथा खेळ आहे, आणि चांगली तयारी झालेले लोकही इथेच अडतात. सायकलवर तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. नुसतं ग्लुकोज आतडं तासाला ६० ग्रॅमच्या आसपासच शोषतं. फ्रुक्टोजची, म्हणजे फळांतल्या साखरेची, वाट वेगळी असल्यामुळे दोन्हींचं मिश्रण घेतलं तर त्यापुढे जाता येतं. पण पोटालाही सराव लागतो. तासाला ४० ग्रॅमपासून सुरुवात करा, दर लांब राइडला थोडं वाढवा, मळमळ किंवा पोट फुगणं जाणवलं तर तेही वहीत लिहा. घामाचा अंदाज घ्यायला तासाभराच्या सरावाआधी आणि नंतर वजन करा. घटलेला प्रत्येक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवायचं. तासन् तास गरजेपेक्षा जास्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. डोकं दुखणं, उलटी, बोटं सुजणं, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं आहेत. अशा वेळी आणखी पाणी न पिता वैद्यकीय मदत घ्या.

धावण्याचं मोजमाप ताज्या पायांवर करू नका. सायकलवरून उतरून लगेच वीस-तीस मिनिटं धावा, ब्रिक म्हणतात तो हाच सराव, आणि जड झालेले पाय किती लवकर सुटतात ते पाहा. अडीच-तीन तासांपेक्षा लांब धावण्याची गरज हौशी खेळाडूला सहसा नसते. त्यातून सावरण्यातच पुढचा आठवडा जातो.

सकाळचे विश्रांतीचे ठोके सलग काही दिवस नेहमीपेक्षा वर असतील, झोप बिघडली असेल, चिडचिड होत असेल तर सराव कमी करा. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल, छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर थांबा आणि डॉक्टरांकडे जा.

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत सरावाचे तास जवळपास निम्म्यावर आणा, थोडं वेगाचं काम मात्र राहू द्या. या काळात पाय उलट जड वाटतात. तयारी कमी पडली असं वाटून एखादी लांब राइड घुसवू नका. आणि मग सामान: पोहण्याचे दोन चष्मे, टायमिंग चिप (वेळ नोंदवणारी), नंबरचा पट्टा, काचणाऱ्या जागांना लावायचं मलम, सरावात पचलेलीच खाण्याची जेल, वापरून मऊ झालेले बूट. १७ तासांची मुदत म्हणजे शेवटचा टप्पा अंधारात येऊ शकतो, म्हणून धावण्याच्या पिशवीत डोक्याला लावायचा दिवा ठेवा आणि तो आदल्या रात्री चार्ज करा.