समोरच्याचा उमेदवार वेगळा असेल, तर राजकारणावर कसं बोलावं

2024च्या लोकसभेला बारामतीत नणंद-भावजय समोरासमोर उभ्या होत्या. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये वडील गजानन कीर्तिकर शिंदे गटात आणि मुलगा अमोल ठाकरे गटाचा उमेदवार. मुलगा हरला, तो अवघ्या 48 मतांनी. पुढाऱ्यांच्या घरात हे घडतं, तर आपल्या घरात सासरे आणि जावई वेगवेगळी बटणं दाबणार यात नवल नाही. गप्प बसणं हा एक उपाय आहे, पण तो पाच वर्षं पुरत नाही. त्यापेक्षा बोलावं, फक्त थोडं ठरवून.

आधी हेतू ठरवा

समोरच्याचं मत फिरवायचं असेल तर विषय काढूच नका. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात कोणाचं मत वादाने फिरत नाही, उलट घट्ट होतं. हा माणूस त्या उमेदवाराला मत का देतो, हे कळून घ्यायचं असेल तरच सुरुवात करा.

दोघंच असताना बोला

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा लग्नाच्या पंगतीत बोलू नका. ऐकणारे चार लोक जमले की माणूस उत्तर देत नाही, भाषण करतो. चहाच्या टपरीवर, गाडीत, संध्याकाळी फिरताना बोलणं बरं. वडीलधाऱ्यांशी तर एकट्यानेच. नातवंडांसमोर आजोबा माघार घेणार नाहीत, आणि त्यांनी ती घ्यावी अशी अपेक्षाही धरू नये.

पहिला प्रश्न माणसाबद्दल विचारा

‘तुमच्या पक्षाने काय दिवे लावले?’ असं नको. ‘काका, याच माणसात तुम्हाला काय दिसतं?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण ऐका. बरेचदा ते विचारसरणीच्या आसपासही नसतं. आमच्याकडे मयताला आला होता, रात्री दोनला फोन उचलून दवाखान्यात खाट मिळवून दिली, पोराच्या अ‍ॅडमिशनला चिठ्ठी दिली. अशा कारणांना हसू नका. जिथे सरकारी यंत्रणा आपणहून काम करत नाही, तिथे फोन उचलणारा माणूस ही मोठी गोष्ट असते. मला स्वतःला हे कारण पुरेसं वाटत नाही, पण ते खोटं नाही.

ते काम नक्की कोणाचं, हे आधी उलगडा

आपल्याकडची निम्मी भांडणं चुकीच्या माणसाच्या नावाने होतात, त्यामुळे इथे घाई करू नका. गटार, कचरा आणि नळाचं पाणी ही नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची कामं. गावची मराठी शाळा बहुधा जिल्हा परिषदेची. वीज महावितरणची, म्हणजे राज्याची. रेल्वे केंद्राची. रस्त्याचं तर विचारूच नका: ग्रामीण मार्ग वेगळा, राज्य मार्ग वेगळा, राष्ट्रीय महामार्ग वेगळा. खासदार उमेदवारावरून वाद घालताना ‘आमच्या गल्लीतले खड्डे बघा’ हा मुद्दा दोन्ही बाजूंनी निकामी आहे.

आता आकडे. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपयांचा निधी असतो, आणि महाराष्ट्रात एका लोकसभा मतदारसंघात सहा विधानसभा मतदारसंघ येतात. भागाकार करा, ‘निधी गेला कुठे?’ हा प्रश्न जरा मापात येतो. शहरात राहत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबई-पुण्यासारख्या महापालिका 2022 पासून काही वर्षं प्रशासकाच्या हाती होत्या. त्या काळातल्या तुंबलेल्या गटारासाठी दोघांपैकी कोणाचाच नगरसेवक हाताशी नव्हता.

कोकणातल्या घरांसाठी मुंबई-गोवा महामार्ग हे उत्तम उदाहरण. चौपदरीकरण 2011 पासून चाललंय. तेव्हापासून केंद्रात आणि राज्यात जवळजवळ सगळे मोठे पक्ष सत्तेवर येऊन गेले. या विषयावर ‘तुमच्यामुळे’ म्हणायची सोय कोणालाच उरलेली नाही, म्हणून तो बोलायला फार चांगला.

प्रतिज्ञापत्र सोबत बसून उघडा

प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना 26 मध्ये मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि प्रलंबित गुन्हे जाहीर करतो. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही वाचता येतं. दोन्ही उमेदवारांची उघडा, पण आधी आपल्या उमेदवाराचं. गुन्ह्यांची नुसती संख्या मोजू नका, कलमं बघा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा गुन्हा एका मापाने तोलता येत नाहीत. खटला प्रलंबित असणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे, हेही दोघांना सारखंच लागू. कागद समोर असला की आवाज आपोआप खाली येतो.

फॉरवर्ड आलेला व्हिडिओ मात्र पुरावा म्हणून काढू नका. समोरच्याकडेही एक असतोच.

काही शब्द घराबाहेर ठेवा

भक्त, चमचा, गद्दार, खोके. यातला एकही शब्द उच्चारला की पुढचं बोलणं उमेदवाराबद्दल राहत नाही, समोर बसलेल्या माणसाच्या लायकीबद्दल होतं. जात काढणं तर त्याहून वाईट. ‘तुम्ही लोक शेवटी आपल्याच माणसाला देणार’ हे वाक्य वर्षानुवर्षं लक्षात राहतं.

आपल्या उमेदवाराचा एक दोष आपणच सांगा

खरा दोष सांगा, ‘फार साधा आहे बिचारा’ असला नव्हे. त्याने पक्ष बदलला असेल, सभागृहात तोंड उघडलं नसेल, तर ते कबूल करा. बहुतेक वेळा समोरूनही एखादी कबुली येते. नाही आली तर मागू नका.

थांबायचं कधी

तोच मुद्दा तिसऱ्यांदा आला, किंवा 1975 नाहीतर 1992 निघालं, की चहा मागवा. वहिनी आतून ‘जेवायला चला’ म्हणाल्या तर तो इशारा समजा, आमंत्रण नव्हे.

मतदानानंतर

‘मग दिलंस कोणाला?’ हे विचारू नका, बायकोलाही नाही. मत गुप्त असतं. विधानसभेच्या निकालानंतर मतदान केंद्रांनुसार आकडे जाहीर होतात, आणि लहान गावात लगेच कोणत्या घराने मतं फोडली याचे अंदाज सुरू होतात. भावकीतले अबोले बरेचदा इथूनच सुरू होतात. पारावर कोणी तुमच्या चुलत्याचं नाव घेऊन विचारलंच, तर ‘मला माहीत नाही’ म्हणा आणि निघा. तुमचा माणूस जिंकला असेल तर गुलाल उधळा, पण चुलत्याच्या दारात नको. आणि त्यांचा जिंकला असेल, तर राहिलेलं काम घेऊन त्या आमदाराकडे जाताना चुलत्यालाच सोबत न्या; त्यांची तिथे ओळख आहे.