थंड प्रदेशातलं काचघर आणि निवडुंगाचा कोरडा हिवाळा

ब्रिटनमधल्या काचघरात निवडुंग मेला, तर थर्मामीटर बघण्याआधी कुंडीतली ओल बघा. कोरड्या मातीतला रेब्यूशिया किंवा लोबिव्हियासारखा छोटा निवडुंग शून्याखाली दोन-तीन अंश सहज सोसतो. मात्र माती ओली असेल तर तोच ५ अंशांवरही मुळापासून सडतो. थंडीत मुळं पाणी ओढत नाहीत, ओल तशीच साचून राहते आणि बुरशीचं फावतं.

महाराष्ट्रातून इथे आलेल्यांना जुनी सवय नडते. तिकडे पावसाळ्यात कुंड्या आडोशाला घ्यायच्या आणि थंडीत उन्हात ठेवून अधूनमधून पाणी द्यायचं. लंडनमध्ये डिसेंबरचा दिवस जेमतेम आठ तासांचा, त्यातही बहुधा ढगाळ. अशा उजेडात पाणी मिळालं तर झाड फिकट, लांबुडकं वाढतं आणि तो बारीक शेंडा पुढे कधीच भरत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या अखेरीपर्यंत पाणी बंद. झाडं आक्रसतील, सुरकुततील. काही बिघडत नाही. मॅमिलेरिया आणि रेब्यूशियाला वसंतात भरभरून फुलं हवी असतील, तर असा थंड, कोरडा आराम लागतोच.

बहुतेक निवडुंगांना किमान ५ अंश सेल्सिअस पुरे. हीटर किती मोठा घ्यायचा, हे दुकानात विचारण्यापेक्षा स्वतः काढा. ६ बाय ८ फुटांच्या काचघराला भिंती आणि छप्पर मिळून सुमारे १८ चौरस मीटर काच असते. एकेरी काचेच्या दर चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातल्या दर अंशामागे, साधारण ६ वॅट ऊब निसटते. बाहेर उणे ५ आणि आत ५ ठेवायचे, म्हणजे फरक १० अंशांचा : १८ × ६ × १० = १०८० वॅट. फटींतून जाणारी ऊब धरून २ किलोवॅटचा, थर्मोस्टॅट असलेला फॅन हीटर घ्यावा. आत १० अंश हवे असतील तर हाच आकडा १६२० होतो, पण बिल त्याहूनही जास्त फुगतं. ५ अंशांवर लावलेला हीटर कडक थंडीच्या रात्रीच चालतो, १० अंशांवरचा मात्र जवळपास रोज.

आतून बबल रॅप लावा, काचेपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून. खिडक्यांवर तो वेगळा कापून लावा, म्हणजे त्या उघडता येतील. त्याआधी काच धुऊन घ्या, कारण हिवाळ्यात आहे तेवढाही उजेड गमावणं परवडत नाही. रॉकेलचा हीटर टाळा. एक लिटर रॉकेल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं आणि पहाटे थेंब होऊन झाडांवर पडतं. फॅन हीटरमुळे हवा खेळती राहते, हा त्याचा दुसरा फायदा. कमाल-किमान थर्मामीटर झाडांच्या उंचीवर आणि काचेजवळ टांगा. सगळ्यात गार जागा तीच.

मातीसाठी जॉन इनिस नंबर २ हे तयार मिश्रण एक भाग आणि ३ ते ६ मिलिमीटरची, चुनखडी नसलेली खडी एक भाग. पीटचं (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचं) प्रमाण जास्त असलेलं मिश्रण नको. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी धरत नाही, कडेने नुसतं वाहून जातं. कुंडी झाडापेक्षा एक-दोन सेंटिमीटर रुंद असली की झालं. मोठ्या कुंडीत मुळांनी न व्यापलेली माती फार काळ ओली राहते आणि सड तिथूनच सुरू होते. कुंडी बदलायची ती फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि नंतर आठवडाभर पाणी द्यायचं नाही, दुखावलेली मुळं आधी वाळू द्यायची.

मार्चच्या अखेरीस ऊन स्थिरावलं की पहिलं पाणी थोडंच द्या. एप्रिलपासून खालच्या भोकातून निथळेपर्यंत द्या आणि माती पूर्ण वाळल्यावरच पुन्हा. उन्हाळ्यात हे अंतर सात ते चौदा दिवसांचं पडतं. वाळली की नाही हे कुंडी उचलून वजनावरून कळतं, वरची खडी बघून नाही. महिन्यातून एकदा टोमॅटोसाठी मिळणारं पोटॅशयुक्त द्रवखत निम्म्या प्रमाणात द्या. आग्नेय इंग्लंडात नळाचं पाणी चुन्याचं, तेव्हा काचघराच्या पन्हळीखाली पिंप ठेवून पावसाचं पाणी साठवलेलं बरं. सप्टेंबरात पाणी कमी करत न्यायचं.

मार्च-एप्रिलमध्ये आणखी एक धोका असतो : चार महिने अंधुक उजेडात राहिलेल्या झाडावर अचानक कडक ऊन पडलं की साल भाजून पांढरी-तपकिरी होते आणि तो डाग कायमचा. पहिले दोन-तीन आठवडे दुपारी बागकामाचं फ्लीस हे पातळ कापड टाकून ठेवा. बंद काचघर जूनमध्ये सहज ४० अंशांच्या वर जातं. छपराची खिडकी उष्णतेने फुगणाऱ्या मेणाच्या नळकांड्यावर आपोआप उघडणारी बसवली तर घरी थांबावं लागत नाही.

हे सगळं झालं सामान्य निवडुंगांचं. सगळ्यांना एका नियमात बसवायला गेलात की नुकसान ठरलेलं. मेलोकॅक्टसला १० अंशांच्या वर हवं, अडेनियमला १२ ते १५. दुकानात मिळणारा लाल-पिवळ्या टोपीचा कलमी निवडुंग ५ अंशांत टिकत नाही, कारण त्याचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम केलं तो खालचा भाग, बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातकुळीतला असतो आणि तो उष्ण प्रदेशातला. हे तिन्ही घरातल्या खिडकीत ठेवा. एओनियम थंडीच्या दिवसांत वाढतो, त्याला हिवाळ्यातही जपून पाणी लागतं. गोट्यांसारख्या दिसणाऱ्या लिथॉप्सचं तर तंत्रच निराळं : हिवाळ्यात नवी पानं जुन्या पानांतलं पाणी शोषून मोठी होतात. जुनी जोडी कागदासारखी वाळेपर्यंत, म्हणजे साधारण मेपर्यंत, थेंबभरही पाणी नाही. आधी दिलंत तर दोन्ही जोड्या फुगून अंग फाटतं.

किडींत पिठ्या ढेकूण सगळ्यात चिवट. काट्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कुंचल्याने टिपा. पण झाड कारणाशिवाय खुंटलं असेल, तर कुंडीतून काढून मुळं बघाच. पांढरं पीठ दिसलं तर सगळी माती धुऊन नव्या कुंडीत लावा. शेंड्याजवळची साल गंजल्यासारखी झाली तर तो लाल कोळी. कोरड्या, कोंदट उष्णतेत तो फोफावतो. वाळलेली फुलं शरद ऋतूत झाडावर राहू देऊ नका. ती ओलसर हवेत कुजतात आणि करडी बुरशी तिथून अंगात शिरते.

बुंधा मऊ लागला तर वाट बघू नका. स्वच्छ सुरीने खालून चकत्या कापत वर जा आणि दर कापाला सुरी स्पिरिटने पुसा. मधल्या कड्यात तांबूस ठिपका दिसेनासा होईपर्यंत कापत राहायचं. निरोगी हिरवा काप मिळाला की त्याला गंधकाची भुकटी लावून तो भाग कोरड्या जागी, रिकाम्या कुंडीत उभा ठेवा. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी कापावर खपली धरते, मग नुसत्या खडीवर टेकवायचा. हे हिवाळ्यात घडलं तर एप्रिलपर्यंत तसाच कोरडा ठेवा.