पोकरमध्ये शेवटचं पान उघडल्यावर

वाशी-नेरूळकडे शनिवारी रात्री मित्रांमध्ये नुसत्या चिप्सवर (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या) पोकर रंगतो, तिथे सगळ्यात जास्त चिप्स जातात त्या रिव्हरवर, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाचव्या, शेवटच्या पानावर. आता पुढे सुधारणेची आशा नसते. हात आहे तो आहे.

समजा तुमच्याकडे इस्पिकचा राजा आणि किलवरचा गुलाम. टेबलावर बदामचा राजा, बदामची नव्वी, किलवरची चौकी, इस्पिकची दुर्री आणि शेवटी बदामची सत्ती. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ३०० चिप्स. आतापर्यंत गुपचूप कॉल करणारा, म्हणजे समोरच्याने लावल्या तेवढ्याच चिप्स टाकणारा गडी अचानक १५० लावतो. तुम्हाला १५० टाकून ४५० मिळू शकतात, म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. त्याने पूर्ण ३०० लावले तर तिनात एकदा जिंकावं लागेल. प्रश्न एकच: हा माणूस इतक्या वेळा थाप मारतो का? शांत खेळणारा सहसा नाही मारत. त्याला बदामचा फ्लश (पाचही पानं बदामची) लागलाय असं धरा आणि पत्ते टाका, म्हणजे हात सोडा. राजाची जोडी दिसते छान, पण तिच्या प्रेमात पडू नका.

स्वतः बेट (पैज) लावताना आधी विचारा, माझ्यापेक्षा हलका कोणता हात कॉल करेल? एकही सुचत नसेल तर चेक करा, म्हणजे काही न लावता पुढे जा. थाप मारायची तर फसलेल्या ड्रॉने (जुळत आलेला, पण शेवटी पूर्ण न झालेला हात) मारा, त्यातही हातात बदामचा एक्का असला तर उत्तम, कारण सर्वात मोठा फ्लश मग समोरच्याकडे असूच शकत नाही. अर्ध्या पॉटची थाप तिनात एकदा चालली तरी पुरते. मात्र प्रत्येक बेट कॉल करणाऱ्यावर थाप कधीच मारू नका.