बंडखोरांनी ओलीस धरलेल्या नेत्यासाठी लांबून काय करता येतं

पहिलं म्हणजे नाव विसरू द्यायचं नाही. कोलंबियात फेब्रुवारी 2002 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार इंग्रिड बेतांकूर यांना फार्क या बंडखोर संघटनेने पळवलं, त्या फ्रान्सच्याही नागरिक, मग तिकडे लोकांनी त्यांच्या सुटकेसाठी कमिट्या काढल्या, पॅरिसने मानद नागरिकत्व दिलं.

घरच्यांचा आवाज आत पोचवा, हे फार मोठं काम आहे. कोलंबियात नातेवाईक रात्री रेडिओवरून बोलायचे आणि जंगलात साखळदंडात अडकलेली माणसं ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकायची.

फक्त फेमस चेहऱ्यावर थांबू नका प्लीज, त्याच वर्षी पळवलेल्या 12 प्रांतिक आमदारांपैकी 11 जण 2007 मध्ये कैदेतच मारले गेले.

आणि सुटकेच्या हालचाली कानावर आल्या तरी फॉरवर्ड करू नका, जुलै 2008 मध्ये इंग्रिडसकट 15 जण गोळी न झाडता सुटले ते सगळं गुपचूप चाललं म्हणूनच.