माळवदाचा गारवा स्लॅबच्या घरात कसा आणायचा (कमी खर्चात)

आमच्या लातूर-धाराशिवकडची जुनी माणसं अजून सांगतात, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर उन्हाळ्यात गार असायचं. खरंच असायचं, दोन-अडीच फुटी दगडमातीची भिंत आणि डोक्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला तेच दगड आणि तीच माती झोपलेल्या माणसांवर आली, त्यामुळे तसं घर परत बांधा असं मी कुणाला सांगणार नाही. तेव्हापासून बरेच जण स्लॅबकडे वळले आणि मे महिन्यात रात्री दोन वाजेपर्यंत छत आग ओकतं. औशाजवळ आम्ही दोन खोल्या आणि स्वयंपाकघर बांधलं तेव्हा यातून मार्ग काढला, तो लिहितोय.

पाया आधी. काळ्या रानात जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जाच, इथे पैसे वाचवू नका. जोत्यावर सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा, दरवाजा-खिडक्यांच्या डोक्यावरून दुसरा पट्टा, चारही भिंतींवरून न तुटता फिरवायचा. भूकंपात भिंती एकमेकींना धरून ठेवतात त्या याच पट्ट्यांमुळे.

आता भिंत. केरळात वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी जी रॅट-ट्रॅप बाँडची पद्धत लोकांपर्यंत नेली तीच आम्ही वापरली. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी ठेवायची, बाहेरून एक, आतून एक, आणि मध्ये तीनेक इंचाची पोकळी, दोन्ही बाजूंना बांधायला मधून मधून एक आडवी वीट. भिंत नऊ इंचीच होते पण साधारण पाव विटा वाचतात, सिमेंट-वाळूचा माल पण कमी लागतो, आणि पोकळीतली हवा अडकून राहते म्हणून बाहेरचं ऊन आत लवकर येत नाही. कोपऱ्यातल्या पोकळीत पायापासून स्लॅबपर्यंत उभी सळई घालून काँक्रीट भरायचं, ही सोय साध्या भिंतीत इतकी सहज मिळत नाही.

विटा मात्र एकसारख्या पाहिजेत, भट्टीच्या वाकड्या विटांनी हे काम होत नाही. आमच्या भागात फ्लाय अ‍ॅशच्या विटा मिळतात, परळीच्या थर्मल वीज केंद्राची राख जवळच आहे, त्या साच्यातल्या असल्याने माप चुकत नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. मिस्त्रीला ही पद्धत माहीत नसेल तर आधी तीन फुटांची भिंत नमुना म्हणून बांधून घ्या, आमच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी पोकळीत सगळा माल पाडला होता, मग मधे लाकडाची पट्टी धरून माल लावायला सुरुवात केली तेव्हा जमलं. जोत्यावरचा, खिडकीखालचा आणि लिंटेलखालचा (दरवाजा-खिडक्यांवरच्या पट्ट्याखालचा) थर भरीव ठेवायचा, दरवाजाच्या बाजूला पण भरीव. लाईटचे पाईप बांधतानाच पोकळीतून घ्या, नंतर फोडाफोड नको. आणि निदान सात दिवस पाणी मारा.

खरी उष्णता मात्र वरून येते, मे महिन्यात आपल्याकडे सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर असतो. म्हणून फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही, मग सळयांच्या चौकटीत मंगलोरी कौलांची जोडी समोरासमोर ठेवायची, मधे हवा राहते, सिमेंट वाचतं, वजनही कमी होतं. कौलं आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी ओढून घेतात. सळईचं माप इंजिनिअरकडूनच काढून घ्या, गॅलरीसारख्या बाहेर आलेल्या भागात कौलं घालू नका.

पश्चिमेला मोठी खिडकी नको, तिकडे न्हाणी किंवा जिना टाका. खिडक्या समोरासमोर ठेवा, वर दोन फुटांचा छज्जा, आणि जमिनीला शहाबादी फरशी, गुळगुळीत टाईल्सपेक्षा स्वस्त आणि पायाला गार. पंखे बीएलडीसी घ्या, जुना पंचाहत्तर वॅट खातो तर हा तीस-पस्तीसवर चालतो.

शेवटचं काम दरवर्षीचं, गच्ची पांढरी करायची म्हणजे ऊन परत फिरतं. पाडव्याच्या आधी गच्ची झाडून धुवायची, रात्रभर भिजवलेला चुना गाळून त्यात थोडा फेव्हिकॉल घालायचा आणि दोन हात मारायचे, दुसरा हात पहिला वाळल्यावर. पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो, म्हणून गच्चीचं पाणी टाकीत घेत असाल तर पहिले एक-दोन पाऊस तसेच वाहू द्या.